एकतीस मिरच्या

मित्रांनो, मी जुना आहे, तापट आहे आणि वर्षातले अकरा महिने रिकाम्या पोटी उभा असतो. माझे नाव चुश्कोपेक, म्हणजे मिरच्या भाजणारा. झणझणीत मिरच्या नव्हेत, हं. वीतभर लांब, लालचुटूक, गोड मिरच्या. सप्टेंबर लागला की आमच्या याम्बोल शहरात त्यांची पोतीच्या पोती घरोघर येऊन पडतात. मग बाल्कनीत, गॅरेजच्या दारात, जिन्याखाली, जिकडे पाहावे तिकडे माझे भाऊबंद तापू लागतात. तो वास नाकात गेला की परदेशी गेलेला माणूससुद्धा घरी येतो, असे आमच्याकडे म्हणतात. मी काही कोणाला परत आणलेले नाही. उलट एका मुलीला शिकायला बाहेर पाठवण्यात माझा थोडा वाटा आहे, आणि तीच हकीकत मला तुम्हांला सांगायची आहे.

दिसायला मी फार काही नाही. तीन पायांवर उभा असलेला पत्र्याचा डबा, आत भाजक्या मातीची नळी, नळीभोवती तारेचे वेटोळे आणि वर लाकडी मुठीचे झाकण. नळीत एका वेळी एकच मिरची मावते. देठ वर ठेवून ती आत सोडायची, झाकण लावायचे, दोन मिनिटे थांबायचे आणि चिमट्याने बाहेर काढायची. तोवर साल काळी पडून फुगलेली असते, ओढली की सुटते. लवकर काढली तर साल सुटत नाही, उशीर केला तर आतला गर करपतो. माझे सगळे शास्त्र एवढेच, पण ते भल्याभल्यांना जमत नाही.

मला मिंचोने घडवले. तो तेव्हा ट्रॅक्टरच्या कारखान्यात लेथवर कामाला होता आणि त्याचे नुकतेच लग्न झाले होते. दुकानात चुश्कोपेक मिळत, पण त्यासाठी महिनोन्‌महिने नंबर लावून बसावे लागे. मिंचोला धीर नव्हता. "असला डबा मी तीन रविवारांत करतो," असे तो बायकोला बोलून गेला आणि मग त्याला ते करावेच लागले. चौथ्या रविवारी त्याने मला गॅरेजमध्ये पहिल्यांदा लावले, आणि तत्क्षणी आमच्या अख्ख्या जिन्याचे दिवे गेले. अंधारात त्याची बायको त्सोन्का खोखो हसत सुटली.

"दिसतो अगदी तुझ्यासारखा," ती म्हणाली, "ठेंगणा आणि गरम डोक्याचा!"

माझ्या आयुष्यातले ते पहिले कौतुक. मी ते अजून विसरलेलो नाही.

त्यानंतरची वर्षे म्हणजे माझा सुवर्णकाळ. हिवाळ्यासाठी तळघरातल्या फळ्यांवर दीडशे बरण्या लागत. भाजलेल्या मिरच्या, मिरची-टोमॅटोची घट्ट चटणी, वांग्याचे भरीत, सगळे माझ्या पोटातून जाई. शेजारीपाजारी मला उसना मागायला येत आणि मिंचो भाव खाऊन मग देई. पुढे त्याची थोरली मुलगी आणि जावई कामासाठी स्पेनला गेले आणि नात झोर्नित्सा आजी-आजोबांकडे राहिली. सगळे तिला झोरी म्हणत. सहा वर्षांची झोरी उलट्या टाकलेल्या खोक्यावर बसे आणि तिच्याकडे एकच काम असे, मोजायचे. एकपासून एकशे वीसपर्यंत, मोठ्याने. एकशे वीस म्हटले की आजोबा झाकण उचलत. माझ्या शेजारी एक निळी बादली असे. मिरच्या काही सगळ्या सरळ नसतात. काही अशा वाकड्यातिकड्या असतात की नळीत अर्ध्यावर अडकतात. तशी मिरची हाती आली की झोरी ओरडे, "वाकडी!" आणि ती निळ्या बादलीत जाई. संध्याकाळी त्सोन्का त्या चिरून तव्यावर परतून टाकी.

मग त्सोन्का गेली. त्या वर्षी आमच्याकडे मिरच्यांचे पोते आले नाही. पुढच्या वर्षी आले, पण तिसऱ्याच मिरचीला माझी तार तुटली आणि मिंचोने ती जोडली नाही. दुकानात तयार बरण्या मिळू लागल्या होत्या. मला बाल्कनीत, स्वयंपाकघराच्या काचेच्या दाराशी ठेवले गेले, आणि एके दिवशी धाकट्या मुलीने, नादकाने, माझ्या डोक्यावर जिरेनियमची कुंडी ठेवली. मित्रांनो, अकरा वर्षे मी ती कुंडी वाहिली. तिला पाणी घातले की ते माझ्या पोटात झिरपे. रागाने लाल होणे एवढेच मला येते, आणि तेही तारेशिवाय जमत नाही. मला फार वाईट वाटे.

एक मात्र होते. काचेतून स्वयंपाकघरातले सगळे दिसे आणि ऐकू येई. झोरी मोठी झाली. शहराबाहेरच्या लोणच्या-बरण्यांच्या कारखान्यात मालाच्या गाड्या कोणी, केव्हा, कुठे न्यायच्या ते ती ठरवू लागली. कामात हुशार, बोलण्यात फटकळ. ती अठ्ठावीस वर्षांची झाली तेव्हा म्हातारे मालक तिला म्हणाले, "मी थकलो. राजधानीत, सोफियाला जाऊन व्यवस्थापन शिकून ये, कारखाना तू चालव. पण या वर्षी प्रवेश मिळाला तरच. प्रवेशासाठीच आणखी एक वर्ष मी थांबू शकत नाही. नाहीतर माझा पुतण्या आहेच."

त्या पुतण्याला काकडी आणि दुधी यांतला फरक समजावून सांगावा लागे. कारखान्यातली चाळीस माणसे देवाची प्रार्थना करत होती, आणि ती पुतण्यासाठी नव्हती.

प्रवेशासाठी परीक्षा होती. वसंतात झोरीने ती एकदा दिली आणि गणिताच्या भागात आपटली. आता सप्टेंबरच्या अखेरीस शेवटची संधी होती.

जुलैच्या पहिल्या रविवारी तिने स्वयंपाकघराच्या भिंतीवर टेबलाएवढा कागद चिकटवला. बारा आठवड्यांचे वेळापत्रक. गणिताला हिरवा रंग, भाषेला निळा, सराव परीक्षांना लाल आणि विश्रांतीला पिवळा. पिवळा शोधावा लागत होता. रोज संध्याकाळी साडेसहा ते साडेदहा अभ्यास, रविवारी सकाळी नऊला सराव परीक्षा, आणि एकूण एकवीस धडे. मिंचो आजोबा चष्मा लावून बराच वेळ कागदापुढे उभे राहिले.

"सुंदर आहे," ते म्हणाले. "यात मिरच्या कुठे आहेत?"

"मिरच्या नाहीत, आजोबा. या वर्षी बरण्या विकत आणू."

"गेली अकरा वर्षं विकतच आणतोय की. मी म्हटलं, तू कारखाना चालवणार, तर या वर्षी घरी करू."

"आणि सतरा सप्टेंबर?" नादका मावशीने कागदावर बोट ठेवले. "इथं हिरवा रंग दिलायस. माझा नामदिवस, माझ्या नावाच्या संताचा सण आहे त्या दिवशी!"

"मावशी, या वर्षी पाहुणे नको बोलावूस."

"बोलावतंय कोण? नामदिवसाला कोणी बोलावतं का? लोक येतातच. दाराला काय टाळं लावू?"

"मी आतल्या खोलीत बसेन. तुम्ही हळू बोला."

"हळू!" मावशी म्हणाली. नादका मावशीचा आवाज दुसऱ्या मजल्यावरच्या स्तोइकोला दार बंद करूनही ऐकू जाई. तिला हळू बोल म्हणणे म्हणजे मला गार राहून भाज म्हणण्यासारखेच.

वेळापत्रक दिसायला देखणे होते, पण ते कोणासाठी केले होते कोण जाणे. साडेसहाला झोरी घरी येई ती एखादी गाडी बिघडल्याचा फोन कानाला लावूनच. जेवण होईतो आठ वाजत. शुक्रवारी राहिलेला धडा ती बाण काढून पुढच्या आठवड्यात ढकली, आणि पुढच्या आठवड्यातला त्याच्याही पुढे. ऑगस्ट संपेपर्यंत त्या कागदावर रंग कमी आणि बाण जास्त झाले. ती वाळत चालली. मावशी ताटात वाढी आणि ताट तसेच परत येई. मला काचेतून सगळे दिसत होते, पण डोक्यावर कुंडी घेऊन मी करणार काय?

सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी माझ्या डोक्यावरून कुंडी उतरली. मिंचो आजोबांनी मला फडक्याने पुसले, उलटे करून माती झटकली आणि खिशातून नव्या तारेचे भेंडोळे काढले. एकेक वेढा सरळ बसेपर्यंत ते पुन्हापुन्हा सोडत आणि पुन्हा गुंडाळत. दुपारपर्यंत मी सज्ज झालो. रविवारी सकाळी जिन्यातून दोन पोती मिरच्या वर आल्या.

आत झोरीची सराव परीक्षा चालू होती. गणिताचा भाग. एकतीस प्रश्न, बासष्ट मिनिटे, आणि एकदा पुढे गेले की मागचा प्रश्न पुन्हा उघडत नाही. स्वयंपाकघरात मावशीने टोमॅटोसाठी मोठी शेगडी लावली होती. आजोबांनी माझी पिन खोचली. अकरा वर्षांनी माझ्या अंगात ऊब शिरली आणि मी आनंदाने असा काही तापलो की फ्यूज उडाला. शेगडी गेली, दिवे गेले, आणि आतल्या खोलीत झोरीचा संगणक गेला.

मित्रांनो, त्यानंतर जे ऐकू आले ते मी सगळे सांगत नाही.

"आजोबा! परीक्षा चालू होती माझी! परीक्षा!" झोरी बाल्कनीत धावत आली. "एक तास! फक्त एक तास मागितला होता मी या घराकडे!"

"मी बदलतो फ्यूज, पोरी, लगेच..."

"फ्यूज कसला बदलताय! सगळं गेलं!" तिने आत जाऊन भिंतीवरचा कागद ओढून काढला, चुरगळला आणि माझ्यापुढे फेकला. खालून स्तोइकोचा आवाज आला, "मिंचोच्या डब्याचा उद्योग ना? पन्नास वर्षांत बदल नाही!" कोणी हसले नाही.

झोरी उलट्या खोक्यावर मटकन बसली आणि रडू लागली. आजोबांनी तिच्या पाठीवर हात ठेवला नाही. त्यांना तसे काही जमत नाही. ते खाली जाऊन फ्यूज बदलून आले, शेगडी बंद ठेवायला सांगितली आणि चिमटा तिच्या हातात दिला.

"हात रिकामेच आहेत ना? भाज."

तिने रागाने हाताला आली ती मिरची उचलली. ती नेमकी वाकडी निघाली. झोरीने ती दाबून माझ्या नळीत कोंबली. अर्ध्यावर अडकली. तिने चिमट्याने आणखी दाबली, मग ओढली, मग फिरवली. मिरचीचे टोक करपून कोळसा झाले, वरचा भाग कच्चाच राहिला, आणि शेजारच्या पाटीत सरळसोट, टपोऱ्या मिरच्या नुसत्या वाट पाहत पडल्या. पाच मिनिटे झाली, सहा झाली. ती सोडायला तयार नव्हती.

आजोबांनी पुढे वाकून ती मिरची उपटली आणि निळ्या बादलीत टाकली.

"सहा वर्षांची होतीस तेव्हा तुला हे येत होतं," ते म्हणाले.

झोरीने बादलीकडे पाहिले. बराच वेळ पाहिले. मग नाक पुसून हळू आवाजात म्हणाली, "आजोबा, फ्यूजमुळे काही गेलं नाही."

"म्हणजे?"

"पाच मिनिटं राहिली होती आणि मी सतराव्या प्रश्नावर होते. दर वेळी हेच होतं. एखादं गणित अडलं की मी त्याला सोडतच नाही. नऊ-नऊ मिनिटं. वसंतात शेवटचे नऊ प्रश्न मी वाचलेसुद्धा नाहीत. येत होते की नव्हते, तेही मला माहीत नाही. मला वाटलं अजून धडे वाचले तर होईल. म्हणून एवढा मोठा कागद केला."

आजोबांनी पाटीतली सरळ मिरची उचलून माझ्या नळीत सोडली.

"तुझ्या कारखान्यात एक गाडी पंक्चर झाली तर बाकीच्या थांबवतेस?"

"वेडे आहात का? बाकीच्या पुढे काढते."

"मग?"

आणि झोरी हसली. रडून लाल झालेल्या तोंडाने हसली. मला इतके बरे वाटले की माझी नळी लालभडक झाली, आणि तो राग नव्हता.

त्या दुपारी तिने तोच चुरगळलेला कागद सरळ करून उलटा भिंतीवर लावला. आता तीनच आठवडे उरले होते. या वेळी तिने रंगांची पेटी उघडली नाही. आधी जे होणारच होते ते लिहिले. दोन रविवार, मिरच्या. सतरा तारीख, नादका. मंगळवारी कारखान्यात माल चढतो, तो दिवस कोरा. मग जे उरले त्यात अभ्यास बसवला, आणि तो पूर्वीच्या निम्मासुद्धा नव्हता. नवा धडा एकही नाही. रोज वीस प्रश्न, प्रत्येकाला दोन मिनिटे, त्यापुढे एक क्षण नाही. मावशीने बरण्यांवर लावायला चिठ्ठ्यांची जुडी आणली होती. झोरीने त्यातल्या अर्ध्या घेतल्या आणि प्रत्येक प्रश्नाला एक चिठ्ठी लावू लागली. वेळेत सुटला तर 'झाली'. सुटला पण उशीर झाला तर 'करपली'. सुटण्यासारखा नव्हताच तर 'वाकडी'. दुसऱ्या दिवशी ती फक्त करपलेल्यांकडे पाही, आणि उशीर कुठे झाला ते शोधी.

"आणि वाकड्यांचं काय?" मावशीने विचारले.

"काहीतरी एक उत्तर ठोकायचं आणि पुढं जायचं. कोरं सोडायचं नाही."

"हा कसला अभ्यास? आमच्या वेळी असं नव्हतं."

"मावशी, तुमच्या वेळी तू दोनदा नापास झालीस."

"एकदा! दुसऱ्यांदा मी आजारी होते!"

पुढच्या रविवारपासून आमच्या जिन्याच्या दारावर खडूने लिहिलेले दिसू लागले. 'रविवारी नऊ ते अकरा कोणीही चुश्कोपेक लावू नये. झोरीची परीक्षा आहे.' आणि मित्रांनो, तीन मजल्यांवरच्या कोणीही लावला नाही. अकरा वाजून एक मिनिटाने स्तोइको वर येई आणि दारातून विचारी, "झाली का? माझ्या मिरच्या ताटकळल्यात." मग झोरी बाल्कनीत येई आणि दुसरा तास सुरू होई. त्यात माझे काम होते.

आजोबा माझ्या नळीत मिरची सोडत आणि झाकण लावत. त्याच क्षणी मावशी सोलता सोलता पुस्तकातला प्रश्न मोठ्याने वाची. झाकण उघडेपर्यंत झोरीने उत्तर द्यायचे.

"एका नळानं टाकी सहा तासांत भरते," मावशी वाचू लागली. "दुसऱ्यानं चार तासांत. खालून गळती आहे, ती भरलेली टाकी बारा तासांत रिकामी करते. तिन्ही चालू असतील तर... अगं, आधी गळती बंद करा की! माणसं आहेत का कोण!"

"मावशी, पुढचं वाच!"

"वाचते, पण पाण्याचं काय? बाबा, आपल्याकडे असं पाणी वाहिलं असतं तर तुम्ही..."

"नादका, मिरची करपेल," आजोबा म्हणाले. "प्रश्न संपव."

"टाकी किती वेळात भरेल?"

"तीन तास!" झोरी ओरडली. झाकण उघडले. साल छान फुगली होती.

"पुढचा. गोल टेबलाभोवती पाच पाहुणे बसवायचेत, एक खुर्ची दाराशी आहे. पहिल्याला दुसऱ्याशेजारी बसायचं नाही, दुसऱ्याला चौथा शेजारी चालत नाही, तिसरा आणि पाचवा एकमेकांशी बोलत नाहीत..."

"वाकडी!" झोरी म्हणाली. "काहीतरी एक उत्तर, आणि पुढचा."

"वाकडी कशी? हे तर मी दर नामदिवसाला करते!" मावशीला राहवेना. ती संध्याकाळपर्यंत मिरच्या सोलत तेच पुटपुटत राहिली आणि शेवटी हात धुताना ओरडली, "पाचव्याला दाराशी बसवा!" झोरीने मागची उत्तरे पाहिली. मावशी बरोबर होती. त्यानंतर चार दिवस तिचा तोरा असा होता की जणू सोफियाला तीच चालली होती.

सतरा तारखेला बावीस पाहुणे आले. कोणीच हळू बोलले नाही. झोरी जेवणावरून सगळ्यांत शेवटी उठली आणि दुसऱ्या दिवशी ताजीतवानी होऊन तिने वीसपैकी सतरा 'झाली'च्या चिठ्ठ्या लावल्या.

परीक्षेच्या शनिवारी ती पहाटेच्या बसने जायला निघाली. मावशीने रीतीप्रमाणे भांडेभर पाणी तिच्या पुढ्यात जिन्यावर ओतले, म्हणजे काम पाण्यासारखे सरळ वाहते. ते वाहत वाहत दुसऱ्या मजल्यावर स्तोइकोच्या सपातांत शिरले.

"परीक्षा तिची आणि आंघोळ मला?" तो ओरडला. आणि मग जिन्यातून वाकून म्हणाला, "जा, पोरी. पुतण्याला दाखव."

गणिताचा भाग बरोबर दहाला सुरू होणार होता. पावणेदहाला मिंचो आजोबा बाल्कनीत आले. पाटीतल्या शेवटच्या मिरच्या त्यांनी मोजून ओळीने मांडल्या. एकतीस. मनगटावरचे घड्याळ काढून माझ्या शेजारी ठेवले. दहाच्या ठोक्याला पहिली मिरची माझ्या पोटात गेली.

मी आयुष्यात हजारो मिरच्या भाजल्या, पण त्या दिवशीसारखा जपून तापलो नाही. एक, दोन, तीन. सहावी वाकडी निघाली, ती त्यांनी बादलीत टाकली आणि मान हलवली, जणू तिकडे झोरीलाही सांगत होते. चौदावी वाकडी. एकविसावी किंचित वाकडी होती. त्यांनी ती हातात धरली, विचार केला आणि टाकली. मावशी दारात येऊन उभी राहिली आणि चक्क गप्प राहिली. पंचविसावी, सव्विसावी. माझी तार गेले तीन आठवडे सारखी तापत होती. मला जाणवत होते, पण मी कोणाला सांगणार? एकोणतिसावी मिरची बाहेर निघाली, आणि आतून एक बारीक आवाज आला. टिक्. मी गार होऊ लागलो.

आजोबांनी पिन काढून पुन्हा खोचली. मूठ हलवली. मग त्यांनी उरलेल्या दोन मिरच्यांकडे पाहिले. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. म्हातारी माणसे अशा वेळी नको ते मनात आणतात. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. अकरा वर्षे कुंडी वाहिली तेव्हाही इतके वाईट वाटले नव्हते.

झोरीने फोन केला नाही. केला असता तर मावशीने बातमी तिच्याआधी गल्लीभर पोचवली असती. संध्याकाळी ती जिना चढून सरळ बाल्कनीत आली. पिशवी खाली ठेवली, उलट्या खोक्यावर बसली आणि आजोबांकडे पाहिले.

"झालं," ती म्हणाली. "संगणकावर गुण लगेच दिसतात. हवे होते त्यापेक्षा चार जास्त."

मावशीने जी किंकाळी फोडली ती थेट बसस्थानकापर्यंत गेली असावी. स्तोइको धावत वर आला, कोणाला काही झाले असे समजून. त्याला राकियाचा, आमच्याकडच्या फळांच्या दारूचा, पेला देऊन बसवले. आजोबा मात्र उठले नाहीत. खाली मान घालून म्हणाले, "मला तुला एक सांगायचं होतं. इथं मी भाजत होतो. तुझ्याबरोबर, एकेक. हा एकोणतिसाव्या मिरचीला बंद पडला."

"मग राहिलेल्या दोन?"

"उभ्याउभ्या कच्च्याच खाल्ल्या. सोडायच्या कशा?"

झोरीने दोन्ही हातांनी त्यांचा चेहरा धरला.

"आजोबा, शेवटचे दोन प्रश्न आले तेव्हा माझ्याकडे अर्धं मिनिट होतं. मीही वाचले नाहीत. दोन उत्तरं ठोकून दिली. पण कोरं नाही सोडलं."

आजोबा हसले की रडले ते मला कळले नाही. दोन्ही असावे.

दुसऱ्या दिवशी माझी तार झोरीने गुंडाळली, आजोबा नुसते सांगत होते. वेढे वाकडे बसले, पण मी चाललो. उठताना तिने खिशातून एक चिठ्ठी काढली आणि माझ्या मागच्या पायावर, जिथे ऊब पोचत नाही तिथे, चिकटवली. 'झाली.'

"हा तर करपला होता," आजोबा म्हणाले.

"एकोणतिसावीपर्यंत पोचला ना? पुरे."

ती चिठ्ठी अजून तिथेच आहे. मित्रांनो, तुमच्याही घरात कुठेतरी माझ्यासारखे काहीतरी डोक्यावर कुंडी घेऊन उभे असेल. ते काय करत होते हे एकदा घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, आणि तार तुटली असेल तर जोडून पाहा. त्याला फार वेळ लागत नाही. एक दुपार पुरते. आणि विचारताना त्यांच्या शेजारी बसा, कारण पुष्कळदा त्यांनाही कोणी विचारलेले नसते.

सोफियाहून शिकून आली, आणि आता कारखाना झोरी चालवते. पुतण्याने दुधीचा व्यापार सुरू केला आहे असे ऐकतो. झोरीच्या टेबलासमोर वर्षाचे वेळापत्रक टांगलेले असते, आणि त्यात सगळ्यांत आधी सप्टेंबरचे दोन रविवार लिहिलेले असतात. त्या दिवशी ती येते आणि उलट्या खोक्यावर बसते. मिंचो आजोबांना हल्ली घड्याळाचे काटे दिसत नाहीत. मिरची ते स्वतः सोडतात, झाकण स्वतः लावतात, आणि मग थांबतात.

"एकशे अठरा, एकशे एकोणीस, एकशे वीस," झोरी मोठ्याने मोजते. "काढा, आजोबा."

आणि आजोबा झाकण उचलतात.